बेटावर जायचा दाखला

डिंकाचा वास आला की मला पोलीस चौकीतलं ते लाकडी बाकडं आठवतं. नाशिकला लागूनच आमची झेंडूची शेती. आई पहाटे फुलं तोडायची, बाजारात नेऊन विकायची आणि घरी आली की दिवसभर बाबांच्या "अगं ए"ला ओ द्यायची. साठी उलटल्यावर एका दुपारी टीव्हीवर बेटं बघता बघता ती म्हणाली, "मला लक्षद्वीपला जायचंय." तिथल्या परवान्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो, म्हणून मी तिला चौकीत घेऊन निघालो, तर बाबाही रिक्षात येऊन बसले. चौकीतला पंखा करकरत होता. आई बाकड्यावर बसून झेंडूनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी अर्जावर स्वतःचा फोटो डिंकानं चिकटवत होती. हवालदार हसून म्हणाला, "मावशी, समुद्रच बघायचा तर अलिबागला जा की! एवढ्या लांब काय हाय?" आई मान वर न करता म्हणाली, "जिथं कुणाची हाक पोचत नाय, असं एक ठिकाण बघायचंय." बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. बाहेर उन्हात आल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "मी आलो तर चालंल का?" आईनं पदरानं बोटांचा डिंक पुसला. मग म्हणाली, "तुमचा बी फोटो काढावा लागंल," आणि समोरच्या स्टुडिओकडे चालू लागली. पुढं दोघं जहाजानं जाऊन आले, उन्हानं रापून, खुशीत. आता माझ्याही लग्नाला पंधरा वर्षं झालीत, आणि एवढंसं विचारायला बाबांना किती धीर गोळा करावा लागला असेल, ते कळतंय.