चित्रांच्या मागे लिहिलेलं

निंबा आप्पाला ऐकू येत नाही, हे सुरतेच्या गोडादऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मला ऐकायची सवय नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे, कारण मी समोरच्याला बोलूच देत नाही.

आमची ओळख पंचवीस वर्षांची. दोघंही खानदेशातल्या पारोळा तालुक्यातले, शेजारशेजारच्या गावांतले, पण भेट झाली ती सुरतेत. आप्पा कापडाच्या लूमवर होता आणि मी सॅम्पल कार्डाच्या कामात. नव्या साडीचे बोटभर तुकडे कापायचे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचे, वरून रोलर फिरवायचा, की झालं सॅम्पल कार्ड. ते घेऊन एजंट गावोगाव हिंडतात. आज लिंबायतला माझं स्वतःचं छोटं युनिट आहे आणि चिकटवण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी परवा-परवापर्यंत छाती काढून सांगत असे.

आप्पा लेखक. लूमवर बारा-बारा तास उभं राहून हा माणूस कथा लिहायचा. धुळ्याच्या एका प्रेसने त्याची दोन बारकी पुस्तकं काढली. त्यातल्या दुसऱ्याच्या आभारांत माझं नाव आहे, शेवटून दुसरं. ते पान मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. पुस्तक वाचायचं मात्र राहूनच गेलं.

सुट्टीच्या दिवशी तो चित्रं काढायचा. कोणी शिकवलं नव्हतं. रंगांची पेटी, पाण्याची बाटली आणि कागदाची गुंडाळी पिशवीत टाकून निघायचा. चलथाणला ऊसतोडीवाल्यांच्या पालांपाशी बसायचा, डुमसला समुद्रकाठी काळ्या वाळूत बसायचा, नाहीतर घराच्या ओट्यावर बसून समोरची भाजीवाली काढायचा. आम्ही चिडवायचो, "आप्पा, ऊन काढतोस ते ठीक, पण ऊन उतरायच्या आत घरी ये." तो हसायचा. त्याची चित्रं चांगली होती की नाही हे मला सांगता येणार नाही, पण त्यात आपली गल्ली आपल्याला ओळखू यायची, एवढं खरं.

सत्तावीस वर्षं लूमच्या खटखटाटात काढलेल्या माणसाचे कान राहतील कसे? शेडमध्ये कोणी बोलत नाही, ओठ आणि हात हलवूनच सगळं चालतं. त्यामुळे आपले कान गेलेत हे कारागिराला शेडमध्ये कळतच नाही, कळतं ते घरी आल्यावर. आप्पाच्या आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी गेली, आणि एक दिवस त्याची बायको, मालतीवहिनी, पाठीमागून तीनदा हाक मारून थकली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, उरलंय तेही जाईल. कानाचं मशीन काही वर्षं चाललं. मग तेही नुसतं कानात बसून राहू लागलं.

त्या डॉक्टरकडून आल्यावर आप्पाने एक नवं काम सुरू केलं. वहीत लिहिणं सोडलं आणि चित्राच्या मागे लिहायला लागला. पुढे जे दिसलं त्याचं चित्र, मागे त्या वेळी तिथे कोण काय बोललं ते, जसंच्या तसं. बीडचा ऊसतोड्या बीडच्या बोलीत, भाजीवाली गुजरातीत, मालतीवहिनी अहिराणीत. ऐकू येतंय तोवर माणसांचं बोलणं साठवून ठेवायचं, आणि तेच त्याचं तिसरं पुस्तक होणार होतं. एकदा जिन्यात उभं राहून त्याने मला हे सांगितलं होतं, "पुढे डोळास्नं, मांगे कानस्नं." मी "वा वा आप्पा" म्हणालो आणि माझ्या स्कूटरचं रडगाणं सुरू केलं.

मालतीवहिनी दाराशी बसून साड्यांना टिकल्या लावायची. या दोघांना मूलबाळ नव्हतं. मी सुरतेत नवा, सडा होतो, तेव्हा सहा वर्षं दोन्ही वेळ तिच्या हातचं जेवलो. लग्न झाल्यावरही आठवड्यातून एकदा पान तिथेच. ती सारखी बोलत असायची. टिकली लावताना, भाकरी थापताना, भांडी आपटताना तोंड चालूच. त्या घरात बोलण्यात तिच्या तोलामोलाचा मी एकच माणूस होतो.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. दहा दिवस दवाखान्यात होती. शेवटी शेवटी ओठ इतके सुकले होते, की ती काय म्हणतेय ते आप्पाला ओठांवरूनही कळेना. घरी आल्यावर त्याने रंगांची पेटी माळ्यावर टाकली ती टाकलीच. लिहिणंही बंद. मी जायचो तेव्हा तो खाटेवर एखादं चित्र उलटं धरून बसलेला असायचा. मला वाटलं, बिचाऱ्याला चित्र बघवत नाही.

तो वाचत होता. पण ते मला फार उशिरा कळलं.

यंदा आमच्या समाज मंडळाने ठरवलं, आमच्या कानबाई देवीच्या उत्सवात निंबा आप्पाच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं आणि शाल-श्रीफळ द्यायचं. सूचना माझीच. आप्पा आधी नको म्हणाला, मग दोन दिवसांनी स्वतःच पत्र्याची पेटी घेऊन माझ्या युनिटवर आला. "जपीसन ठेव भाऊ," एवढंच म्हणाला. पेटीत बासष्ट चित्रं होती. त्याला वाटलं होतं, दोरी बांधून चिमट्यांनी लटकवतील.

मला ते पसंत नव्हतं. कागद जुने, कोपरे वळलेले. आपल्या माणसाचं काम असं वाळत घातलेल्या कपड्यांसारखं लोकांनी बघायचं? मी उत्तम प्रतीचा पुठ्ठा काढला, चिकटा घट्ट कालवला आणि तीन दिवस गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून बासष्टच्या बासष्ट चित्रं स्वतःच्या हाताने चिकटवली. रोलर असा फिरवला, की एक बुडबुडा राहिला असेल तर शपथ.

मागे लिहिलेलं मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण आमच्या धंद्यात प्रत्येक तुकड्याच्या मागे काही ना काही लिहिलेलं असतंच. डिझाइन नंबर, मीटर, मिलचं नाव. ते कोणी वाचत नाही. तुकडा चिकटला की ते गेलं. पंचवीस वर्षं मी उलटी बाजू वर करतो ती फक्त चिकटा लावायला. बारीक अक्षरात पान भरून लिहिलेलं होतं, तरी माझा हात थांबला नाही. आप्पाला एकदा विचारावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याला विचारायचं म्हणजे समोर बसून एकेक शब्द हळू बोलावा लागतो, आणि मला त्याचा कंटाळा.

रविवारी सकाळी हॉल सजला. चित्रं अशी दिसत होती, की मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मणदादा दारातच थबकले. बायका आपापली गल्ली शोधत होत्या, बोट दाखवून हसत होत्या. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून आला. त्याने पहिल्या चित्रावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी फुगलो.

मग तो मालतीवहिनीच्या चित्रापाशी गेला. दारात बसलीय, मांडीवर मोरपिशी साडी, हातात टिकली. त्याने ते खिळ्यावरून हळूच काढलं आणि उलटं केलं. मागे पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर माझ्या युनिटचा शिक्का.

त्याने ते पुन्हा सुलट केलं, पुन्हा उलटं केलं. दुसरं काढलं. तिसरं काढलं. हॉलमधलं हसणं हळूहळू थांबलं, ते त्याला कळलं नाही. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तो मला म्हणाला, "मांगे लिखेल व्हतं ते कोठे शे?"

त्या क्षणी जिन्यातलं ते बोलणं मला आठवलं. इतक्या वर्षांनी, अक्षर न अक्षर. मी दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून त्याला दाखवलं, चिकटलं. दुसरं कसं सांगणार होतो?

तो रडला नाही, ओरडला नाही. शाल घेतली, नारळ घेतला, लक्ष्मणदादांना नमस्कार केला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला युनिटवर बोलावलं. चलथाणच्या पालांचं चित्र घेतलं, कारण वहिनीच्या चित्राला हात लावायची माझी हिंमत नव्हती. कोमट पाणी, वाफ, पातळ सुरी, सगळं करून पाहिलं. कागद पदरापदराने सुटू लागला. शाई पाण्यात उतरली आणि निळं पाणी टेबलावरून माझ्या पायावर गळलं. शेवटी एका चिंधीवर दोन शब्द वाचता आले, "रातच्याला थंडी". ते शब्द कोण, कोणाला म्हणालं होतं, ते आप्पालाही सांगता येईना. मी दुसरं चित्र ओढलं तेव्हा त्याने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे भाऊ. चित्रबी फाटी जाई."

मी त्याच्या पाया पडलो. मी फार बोललो, माफी मागितली, स्वतःला शिव्या घातल्या. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. सगळं संपल्यावर त्याने पिशवीतून एक कोरी वही आणि पेन काढलं आणि स्टुलावर माझ्या अगदी समोर बसला.

"माले आते तिन्हं बोलणं याद येत नही," तो म्हणाला. "वाचू तव्हयच याद ये. तू बावीस वरीस तिन्हा हातनं जेवना. ती काय काय बोले ते सांग. हळू सांग, मी तुन्हं तोंड देखीसन लिखसू."

वहिनीचा चेहरा माझ्यासमोर लख्ख होता. कपाळावरचं गोंदण, भाकरीच्या पिठाने पांढरी झालेली मनगटं, टिकल्यांची डबी. तोंड हलत होतं. पण आवाज नव्हता. आम्ही दोघं तासन्‌तास बोलायचो, असंच मी आजवर समजत होतो. खरं तर मी बोलायचो, आणि ती बोलत असताना मी पुढे काय बोलायचं ते जुळवत असायचो. तिच्या आईचं काहीतरी होतं, एका विहिरीचं काहीतरी होतं, आणि कुठल्याशा गाण्याची एक ओळ ती नेहमी अर्धीच म्हणायची. कोणती ओळ? हजारो जेवणांमधलं तिचं एक वाक्य मला सापडेना.

आप्पा पेन उघडून माझ्या ओठांकडे बघत होता.

शेवटी मी म्हणालो, "जेवीसन जा भाऊ."

त्याने ते नीट लिहून घेतलं. मग वाचलं. "हाई तं बठ्ठ्याच बाया म्हनतीस," तो म्हणाला. सगळ्याच बाया म्हणतात हे खरंच होतं, आणि त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने त्या ओळीखाली तिचं नाव लिहिलं, वही गुडघ्यावर सरळ केली आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघू लागला.

"आखो एक सांग," तो म्हणाला.

मी ओठ नुसते हलवत राहिलो.