नव्या काठाचं दुसरं लुगडं

महाल भागातली धनश्री निमजे म्हणेल ती पूर्व दिशा, हे घरात आणि प्रताप नगरातल्या तिच्या सॉफ्टवेअर कंपनीतही सगळ्यांना पाठ होतं. म्हणूनच की काय, साहेबांनी हे काम तिच्या गळ्यात घातलं. कोड लिहायच्या एडिटरला जोडायची दोन ॲड-इन वापरून बघायची. ज्याने काम लवकर उरकेल ते कंपनीतल्या अठराही जणांना घ्यायचं. नोकरीच्या सहा वर्षांत मिळालेली ही पहिली जबाबदारी.

तिने सहा कामं निवडली. ती आधी पहिल्या ॲड-इनने केली, मग तीच दुसऱ्याने. पहिल्याला चार तास लागले, दुसऱ्याला तीन. दुसरंच घ्यावं, असा अहवाल तिने धाडून दिला. शेजारच्या टेबलावरचा अनिश म्हणाला, "मले तं पहिलंच बरं वाटते." त्याला तिने चारचौघांत झापलं.

रविवारी पोहे खाताना तिने हे वडिलांना ऐकवलं. रुपरावांनी हातमाग विकला त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून कामातलं त्यांना कुणी काही विचारत नसे, आणि ते त्यांना लागत असे.

"दोन्ही वेळा कामं तेच होते का वं?"

"हो. म्हणून तं बरोबर तुलना झाली."

"मंग दुसरं पुढं जाईलच ना. नव्या काठाचं पहिलं लुगडं चार दिवस खाते, दुसरं तिनात उतरते. माग तोच राहते, हात शिकते."

"तुम्हाले यातलं काय समजते बाबा?" ती फणकारली. रुपराव बशी उचलून उठले.

दुपारी मात्र तिने सहा नवी कामं घेतली आणि या वेळी दुसरं ॲड-इन आधी लावलं. रात्री हिशेब केला, तर आता पहिलं तासाभराने पुढे होतं. म्हणजे जे मागून लावलं, तेच दर वेळी जिंकत होतं. गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. तो विचारही तिच्या मनात येऊन गेला.

सोमवारी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "मी चुकली. दोन्ही सारखेच हायेत. अनिश, तुह्यावर उगाच भडकली."

संध्याकाळी तिने नवा अहवाल वडिलांपुढे धरला. रुपरावांनी चष्मा लावून शेवटची ओळ दोनदा वाचली: चाचणीची पद्धत – रुपराव निमजे, विणकर.

"विणकर होते, असं पाहिजे ना वं," ते हळूच म्हणाले.

"नाही बाबा. मी लिहिलं तेच बरोबर हाय."

यावर निमज्यांच्या घरात कुणी वाद घालत नाही.