नऊ अंडी आणि पूर्ण प्रदक्षिणा

काय झालं, ते मी अजून आमच्या देवळातल्या पुजाऱ्यांनाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. फक्त हसायचं ते शेवटी.

आमच्या घरात अंडं येत नाही. सोमवार, प्रदोष, चतुर्थी, वर्षातले निम्मे दिवस माझे उपासातच जातात. पण आमच्या ह्यांचं विजेच्या वस्तू दुरुस्तीचं दुकान. एका गिऱ्हाइकानं त्यांच्याकडून अंडी उबवायची पेटी करून घेतली आणि न्यायला काही आलं नाही. थर्माकोलचा खोका, आत बल्ब, पाण्याची वाटी. ती पेटी माझ्या देवघराच्या भिंतीलगत येऊन बसली होती.

एका सकाळी शेजारच्या मुमताजभाभी ओढणीत नऊ अंडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. डोळे लाल. आदल्याच दिवशी अंड्यांवर बसवलेली कोंबडी मुंगसानं नेली होती.

ती कोंबडी साधी नव्हती. भाभींची आई गेल्या वर्षी वारली. कुरुंदवाडचं घर भावांनी बंद केलं, तेव्हा भाभींनी तिथून एवढी कोंबडीच आणली होती.

"वैनी, आईच्या घरातलं आता हेच हाय बगा," त्या म्हणाल्या, "आन् मला तर आजच लेकीकडं जायाचंय, बाळंतपणाला."

घरात अंडं न येण्याचा नियम मी त्याच क्षणी देवापुढं ठेवला. म्हटलं, खायला नाही, जगवायला आलीत. आणि अंडी पदरात घेतली.

ह्यांनी मला नीट समजावलं. "एकवीस दिवस लागत्यात. अंडी आडवी ठिवायची. एका बाजूला पेन्सिलीनं फुली मार, दुसऱ्या बाजूला गोल काढ. दिवसातनं पाच बारी फिरवायची. न्हायतर आतला जीव कवचाला चिकटतोय."

एकवीस म्हटल्यावर मला आकडा ओळखीचा वाटला. दुर्वा एकवीस, मोदक एकवीस. हे तर व्रतच झालं की.

पण फुली काही माझ्या हातून होईना. आत जीव धरतोय आणि त्याच्यावर फुली मारायची? मी प्रत्येक अंड्याला वरच्या बाजूला कुंकवाचं बोट लावलं. आंघोळ करून, ओल्या केसांनी, पाच वेळा नेमानं अंडी फिरवू लागले. रोज सकाळी कुंकू ताजं करायचे. तोंडानं नामस्मरण, हातानं फिरवणं. इतकं मनापासून मी सोळा सोमवारसुद्धा केले नसतील.

हे संध्याकाळी विचारायचे, "फिरिवलीस?"

"फिरवली."

सहाव्या दिवशी ह्यांनी सहज आत डोकावलं आणि तसेच वाकून राहिले.

"कुंकू वरच हाय की गं."

"वरच असणार."

"काल बी वरच हुतं."

"मग? कुंकू काय खाली ठेवायचं असतं?"

ते सरळ झाले. "कशी फिरवतीस, दाव बघू."

मी अंडं धरलं, उजवीकडून सावकाश पूर्ण गोल फिरवलं आणि कुंकू पुन्हा वर आणून ठेवलं. प्रदक्षिणा अर्धी कशी सोडायची?

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, पूर्ण फिरवून परत जागेवरच आणलीस, तर फिरवलं काय? सहा दिवस अंडी एकाच कुशीवर हायती."

मी पेटीसमोर खाली बसले. सहा दिवस मी भाभींच्या आईच्या आठवणीभोवती मोठ्या भक्तीनं फेर धरला होता आणि ती तिळभर हलली नव्हती.

मग हे माझ्याजवळ खाली बसले. आवाज उतरला होता. "सोमवारी महादेवाला पूर्ण फेरी घालतीस?"

"छे. पिंडीचं पाणी जिथून वाहतं ती पन्हळ ओलांडायची नसते. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं मागं यायचं."

"मग हितं तेच कर की. आत्ता अर्धं जा. पुढच्या बारीला अर्धं मागं ये."

तीस वर्षं मी दर सोमवारी अर्धी जाऊन परत येत होते. पायांना ठाऊक होतं, हातांना कधी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर सगळं बरोबर केलं. शेवटच्या तीन दिवसांत तर ह्यांनी हात लावायलाच बंदी केली, झाकणसुद्धा उघडायचं नाही. मी आपली पाच वेळा पेटीसमोर जाऊन नुसती बसायचे. काहीच न करण्याचं व्रत मी पहिल्यांदाच केलं आणि तेच सगळ्यात जड गेलं.

एकविसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली. त्याच दुपारी भाभी आल्या. नऊ अंड्यांतून पाच पिल्लं निघाली होती.

मी सगळं कबूल केलं. "चार माझ्यामुळं गेली, भाभी. मी पूर्ण फिरवत होते."

भाभींनी माझा हात धरला. "आवं, कोंबडी तरी कुटं पूर्ण फिरवती? चोचीनं जरा ढकलती आन् बसती. तिला कुटं व्रत हाय?" आणि रडता रडता हसल्या. "पाच ऱ्हायली की. आई ऱ्हायली माझी."

मग त्यांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि थांबल्या. ओल्या अंगानं कवच घासून निघताना माझं कुंकू त्याच्या डोक्यावर लागलं होतं. बरोबर मधोमध, टिकलीएवढं.

"वैनी," भाभी म्हणाल्या, "माझ्या पिलाला सवाष्ण करून सोडलासा व्हय?"

चार पिल्लांच्या कोंबड्या झाल्या. कुंकवाचा मात्र कोंबडा निघाला. आता रोज पहाटे मी देवापुढं बसले, की भिंतीपलीकडून तो घसा ताणून आरवतो, आणि हे अंथरुणातूनच मला सांगतात, "उठली बग तुझी सवाष्ण."