पाडव्याची मेणबत्ती

महाडच्या शाळेत मी इतिहास शिकवला. पोप हा माझ्या लेखी परीक्षेला येणारा पाच गुणांचा प्रश्न होता. पुढे मुलाने वसईच्या ख्रिस्ती घरातली मुलगी केली आणि तो प्रश्न घरातच राहायला आला.

व्याही विधुर. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मुला-सुनेच्या मुंबईतल्या जिन्यांपेक्षा आमचं बैठं घर बरं म्हणून ते आमच्याकडे आले. दिवसभर आम्ही दोघे ओटीवर बसून वाद घालायचो. एका पोपने कॅलेंडर दुरुस्त करताना ऑक्टोबरचे दहा दिवस गाळून टाकले, हे मी त्यांना हमखास ऐकवायचो. "तुम्ही अख्खा अधिक महिना घुसवता, तेव्हा कोणाला विचारता?" ते म्हणायचे.

दोन नोव्हेंबर हा त्यांच्यात मृतांचा दिवस. वसईला त्या दिवशी लोक आपापल्या माणसांची थडगी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. बायको गेल्यापासून व्याह्यांनी हे कधी चुकवलं नव्हतं. त्या वर्षी डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला, तेव्हा मेणबत्ती आमच्याच अंगणात लावायचं त्यांनी ठरवलं. नेमका त्याच दिवशी दिवाळीचा पाडवा आला.

माझी बायको पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीतली. रागावली की तिच्या तोंडी माहेरची बोली येते.

"वरसाचा पाडवा हाय. मेल्या माणसाची बत्ती माझ्या रांगोळीशेजारी नाय लागायची," ती स्वयंपाकघरातून म्हणाली, व्याह्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

मला दोघांचंही पटत होतं. हा माझा जन्माचा घोळ आहे. मग मी मास्तरकीला शोभेलसा तोडगा काढला. व्याह्यांना म्हटलं, "तुमचा आदल्या दिवशीचा सर्व संतांचा सण रोममध्ये आधी मे महिन्यात होता. एका पोपने तो उचलून नोव्हेंबरात नेला. एवढे संत हलले, तर तुम्ही एक मेणबत्ती दोन दिवस पुढे ढकला."

"पोपना तो अधिकार होता, सर. मला नाही," ते म्हणाले. "आणि ती वाट बघत असेल हो."

संतांची गोष्ट काढल्याचं मला वाईट वाटलं.

संध्याकाळी बायको मला ओवाळायला लागली, तेवढ्यात व्याही काठी टेकत बाहेर गेले. रांगोळीपासून लांब, न्हाणीच्या भिंतीमागे त्यांनी मेणबत्ती लावली; खिडकीतून आम्हाला दिसत होतं. वारा होता, ती विझली. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा विझली. वाकताना ते कण्हत होते, ते आम्हाला आतपर्यंत ऐकू येत होतं. मग काडेपेटी हातातून पडली आणि त्यांना ती उचलता येईना. ते तसेच भिंतीला धरून उभे राहिले.

बायको ताम्हन हातात घेऊनच पायऱ्या उतरली. तिने मेणबत्ती उपटली, दारापाशी आणली आणि रांगोळीच्या कडेला, जिथे वारा लागत नव्हता, तिथे रोवली. मला ओवाळलेल्या निरांजनानेच तिने ती पेटवली.

"वहिनी, अहो, तुमची रांगोळी..." मागून येत व्याही म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली. "विहीणबाय पाडव्याला आपल्या माणसाकडं आल्या हायत. त्यांना काय न्हाणीमागं काळोखात बसवायचं?"