उडत्या हिरोची झूल

आमच्या गल्लीतले लूमवाले शेठ लग्नपत्रिका असो की पाहुण्याचा सदरा, आधी दोन बोटांत चोळून बघत. उडणाऱ्या हिरोच्या एका हिंदी पिक्चरला पाठीवरच्या झुलीचं लाल कापड त्यांनी दिलं होतं, म्हणून पहिल्या खेळाला त्यांनी सगळी गल्ली नेली.

मी चुका मोजत बसले. दोरी दिसत होती, ढग कापसाचे होते आणि हिरो उडाला तरी झूल फडफडत नव्हती.

मागून कुणी ओरडलं, "अरे भाई, लुंगी संभाल!"

थिएटर हसलं. शेठ ताडकन उठले. मला वाटलं, लाजून निघाले. पण ते मागे वळून म्हणाले, "लुंगी न्हाय ती, चादर हाय. कितीबी धू, आटणार न्हाय."

आणि अब्रू वाचवल्याच्या थाटात पुन्हा खाली बसले.