हळदीच्या गाण्यातलं माझं दुकान

तलासरी नाक्यावर माझं मोबाइलचं दुकान होतं. २०१४च्या सुमाराला तिथे रांग लागायची, कारण मेमरी कार्डात गाणी भरून देण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. ती गाणी कोणाची, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मग इंटरनेट स्वस्त झालं आणि कार्ड भरायला कोणी येईना. मी डगमगलो नाही. म्हटलं, दुसऱ्यांची गाणी विकून झाली, आता आपली काढू.

झरीत एक आजी होती. आसपासच्या पाड्यांवर लग्न निघालं की गाणी म्हणायला तिलाच बोलवायचे. तिचं हळदीचं गाणं मी रेकॉर्ड केलं आणि इंटरनेटवर टाकलं. जन्मभर फुकट गाणी उचलणाऱ्या मला आता चोरांची भीती वाटू लागली. म्हणून दर अर्ध्या मिनिटाला मी स्वतःच्या आवाजात दुकानाचं नाव ओरडून घातलं. इथले सगळे डीजेवाले तसंच करायचे.

वेवजीच्या एका लग्नात आजी आणि मी दोघंही होतो. स्पीकरवर आजीचं गाणं, हळद लावणाऱ्या नवरीच्या आईचे हात तिच्या गालांवर, आणि नेमका तेव्हाच मी स्पीकरातून ओरडलो. आई दचकली, पोरी फिदीफिदी हसल्या. मला तर अभिमानच वाटला. आजी मात्र उठून मांडवामागे गेली. मी मागोमाग गेलो.

"हे गाणं मला कैनाडच्या मावशीने दिलं," ती म्हणाली. "तिची अट एकच. मागेल त्याला द्यायचं, आणि घेणाऱ्यानेही पुढे तसंच द्यायचं. तू मधेच ओरडतोस कशाला?"

"लोक चोरतील, आजी."

"मी देतेच आहे, तर चोरतील काय? तुझा आवाज काढ. नाहीतर तुझ्यासाठी मी गायची नाही."

ती गायली नसती तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. दोन दिवस धुसफुसलो, मग आवाज काढला. गाण्याखाली आजीचीच अट लिहिली: घ्या, वाजवा, बदला, पण बदललेलं गाणंही सगळ्यांसाठी खुलं ठेवा. याला कॉपीलेफ्ट म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. गाणं फुकट वाटून दुकान कसं चालणार, असं शेजारचे विचारायचे. पण चाललं. ते गाणं ऐकून लोक बोलवायला लागले, आमच्या घरच्या लग्नातली गाणीही रेकॉर्ड करून द्या म्हणून. आता पैसे गाण्याचे नव्हते, माझ्या कामाचे होते.

२०१९ला कैनाडला असंच एक काम मिळालं. आजीला सोबत नेलं. माझ्या ओरडण्याची जुनी फाइल तिथल्या फोनांत अजून होती. बायकांनी तेच गाणं धरलं आणि शेवटी नवं कडवं जोडलं: नाक्यावरचा दुकानदार हळदीत ओरडतो, त्याच्याही तोंडाला हळद फासा. अख्खा मांडव माझ्याकडे बघून हसला. माझे कान तापले.

"आजी, एवढं कडवं गाळू का?" मी हळूच विचारलं.

"गाण्याखाली तूच लिहिलंयस ना?" ती म्हणाली.

पुढच्या लग्नात, झरीला, ते कडवं आजीने स्वतः म्हटलं. मी एकही शब्द न गाळता रेकॉर्ड केलं.