चार दिवसांचा डबा

नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, पण कंपनीतल्या बायका लग्नाकार्यात भेटल्या की कॉइल कशी गुंडाळायची हे कुणालाच आठवत नाही. आठवतं ते कोण काय खायचं. पुरुषांचे किस्से संपाचे आणि साहेबांचे, आमचे डब्याचे. त्यातले निम्मे असे, की नवरे शेजारी असले तर आम्ही आवाज खाली करायचो. आता करत नाही, वय झालं.

सत्तरचं दशक. भोसरीला रेडिओचे सुटे भाग करणारी एक कंपनी होती आणि तिच्यात कॉइल गुंडाळायचं खातं सगळं बायकांचं. दुपारी कँटीनमध्ये आमचं चौघींचं टेबल. मी, पिंपरीत माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी शांता, लग्नाची राहिलेली कुंदा आणि चाकणजवळच्या गावाहून एसटीने येणारी विमल. विमल सगळ्यांत लहान, नुकतंच लग्न झालेलं.

ती टेंपररी होती. पहिल्या सहा महिन्यांत दांड्या फार झाल्या तर कायम करत नसत, आणि तिच्या दर महिन्याला दोन ठरलेल्या. पाळी आली की पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधारी. एकदा मशीनवरच मान टाकली. तिसरा महिना संपताना साहेबांनी सांगून टाकलं, आणखी एक दांडी आणि कायमची घरी.

*

कंपनीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. भला माणूस, पण बायकांशी बोलताना खिडकीबाहेर बघायचा. त्यांनी विमलला सांगितलं, त्या दिवसांत पोट रिकामं ठेवू नका, पालेभाजी खा, डाळ खा, गूळ-शेंगदाणे खा, गरम खा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर डाक्टर, चार दिस मी चुलीला शिवत न्हाई. ह्ये करनार कोन?"

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघत टॉनिक लिहून दिलं.

घरी ती चार दिवस पडवीत बसायची. सासू लांबूनच शिळी भाकरी द्यायची, बरोबर मीठ-मिरची. ऊन, गोड, चवीचं काही द्यायचं नाही, अशी त्या घरची रीत. तीच भाकरी कागदात बांधून ती कामाला यायची. घरात पाण्याच्या हंड्यालाही न शिवणारी ही मुलगी कंपनीत दिवसभर शेकडो कॉइलींना शिवायची आणि ते रेडिओ लोकांच्या देवघराशेजारी वाजायचे. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

*

आमचे सुपरवायझर फार शिस्तीचे. त्यांच्या लक्षात आलं, की नऊ नंबरच्या मशीनवर महिन्यातून दोन-तीन दिवस सारखी तार तुटते. नऊ नंबर म्हणजे विमलचं मशीन. त्यांनी फिटरला बोलावलं. फिटरने मशीन उघडलं, तेल घातलं, बंद केलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तेव्हा सुपरवायझरांनी सगळ्या खात्यासमोर जाहीर केलं, की लाइटचं व्होल्टेज कमी पडतंय.

शांता मान वर न करता म्हणाली, "साहेब, मशीनला आधी जेवायला घाला."

त्यांना ती चेष्टा वाटली. आम्हीही काही समजावून सांगितलं नाही, त्या काळी ते सांगायचं कसं? पण त्याच दुपारी टेबलावर ठरलं, की जिचे चार दिवस असतील तिचा डबा बाकीच्या तिघींनी आणायचा.

*

कुंदाच्या अंगात उत्साह फार. माझे चार दिवस आधी आले, तेव्हा तिने आईला सांगून अळिवाचे लाडू करून घेतले. गेटवर वॉचमनने पिशवी तपासताना डबा उघडला. त्याच्या घरी चार मुलं, अळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात हे त्याला पक्कं ठाऊक. जेवायच्या सुट्टीपर्यंत टाइम ऑफिसपासून स्टोअरपर्यंत कुजबुज पोचली.

कुंदा संध्याकाळी रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाडू घेऊन आली आणि गेटवर डबा स्वतःच उघडून धरला. तिचं लग्न पुढे कधी झालं नाही. पण धीट बाई म्हटलं की मला अजून तीच आठवते.

*

खरी अडचण वेगळीच होती. शांताचं घर बौद्ध. आम्ही तिघी एकमेकींच्या डब्यात हात घालायचो, विमल मात्र आपली भाकरी जरा बाजूला सरकवून बसायची. "आमच्यात चालत न्हाई," असं पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळी झाली होती. मी बोलायला हवं होतं, नाही बोलले.

ठरल्यानंतर विमलच्या पहिल्याच पाळीला कुंदा रजेवर आणि माझा डबा घाईत घरी राहिलेला. टेबलावर एकट्या शांताचा डबा. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची डाळ घातलेली मेथी, गुळाचा खडा. विमल पोट दाबून बसली होती. डब्याकडे बघत म्हणाली, "आज तर मलाच कोन शिवत न्हाई. दे."

शांताने अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली आणि विचारलं, "आणि पाचव्या दिवशी?"

पाचव्या दिवशी विमलने न विचारता शांताच्या डब्यातली भाजी घेतली. त्या महिन्यात दांडी पडली नाही, पुढच्याही महिन्यात नाही.

*

कायम होण्याची चिठ्ठी आठवड्यावर आली होती आणि एसटीतल्या कुणीतरी विमलच्या सासूच्या कानावर घातलं, की तुमची सून बाहेरची असताना कुणाच्या घरचं खाते. रविवारी सकाळी सासू विमलला घेऊन थेट शांताच्या दारात. मी शांताकडेच बसले होते. मला वाटलं होतं सासू म्हणजे म्हातारी असेल. ही जेमतेम चाळिशीची, सोनाबाई नावाची, पदर घट्ट आवळलेली. मागे विमल. सासूने नोकरी सोड म्हटलं की संपलं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"ही तुमच्यातलं खाती?" सोनाबाईने विचारलं.

"खाते," शांता म्हणाली.

"काय देता?"

शांताने सगळं सांगितलं. भाकरी, पालेभाजी, डाळ, गूळ.

"ऊन?"

"डब्यातलं कोमट. इथे आली तर तव्यावरची देईन."

सोनाबाई एकदम उंबऱ्याबाहेर खाली बसली आणि गुडघे पोटाशी घेतले. शांता म्हणाली, "मावशी, बाहेर कशाला, आत या."

"आत न्हाई येत. मलाबी आज दुसरा दिस हाय. हितंच वाढ, पर ऊन वाढ."